जनाबाईंचा हात आणि जावयाचं पोट

नागपूरच्या टिमकीतल्या जनाबाई परात्यांच्या हाताला मोहल्ल्यात मान होता, आणि त्या मानाबद्दल सगळ्यात कमी शंका खुद्द जनाबाईंना होती. "माह्या हाताले कळते," असं त्या एकदा म्हणाल्या की समोरच्याला पुढे बोलायला जागा उरायची नाही. पोट धरून कुणी दारात आला की त्याला चटईवर उताणा निजवायचा, बेंबीवर तीन बोटं टेकायची, डोळे मिटायचे आणि आतली धडधड बरोबर बेंबीखाली लागते की बाजूला गेली आहे, ते बघायचं. बाजूला गेली असेल तर बेंबी सरकली. मग कोमट तेलाचा हात घेऊन, चोळत चोळत ती जागेवर आणायची. जनाबाईंनी बसवलेली बेंबी परत सरकली असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. निदान तसं त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

हा हात मागावर तयार झाला होता. परात्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. मागावरचा ताणा संपत आला की जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा जोडावा लागतो. बोटाला राख लावायची, दोन टोकं जवळ धरायची आणि गाठ न मारता नुसत्या पिळानं ती एक करायची. एका लुगड्याला असे दोन हजारांवर धागे. हे काम बायकांचं, आणि जनाबाई ते नवव्या वर्षापासून करत आल्या होत्या, तेही न बघता. तोंडानं गप्पा चालू, नाही तर भांडण चालू, बोटं आपली कामावर. पुढे यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं टिकेना. नवरा वामनराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले, कारण दुसरं काही करावं असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. जनाबाईंच्या मनात आलं. एकोणसत्तर साली त्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागल्या.

बारा वर्षं त्यांनी फरशा पुसल्या आणि भांडी उचलली. एक्क्याऐंशी साली हॉस्पिटलात पोट तपासायची दुर्बीण आली आणि तिच्यामागोमाग डॉक्टर अरुंधती मॅडम आल्या. ही दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड, काळी, वळेल तशी वळणारी लांब नळी. ती तोंडातून पोटात सोडायची आणि वरच्या टोकाला डोळा लावून आतलं बघायचं. तिच्यातून आरपार एक बारीक वाट असते. त्या वाटेनं तार, चिमटा, बारीक नळी, काय हवं ते पोटात पाठवता येतं. काम झालं की लांब ब्रश घालून ती वाट धुवायची. पहिल्याच आठवड्यात तो ब्रश आत अडकला आणि ओढाओढी करून टेक्निशियन घामाघूम झाला. मॅडम चहा घेऊन परत आल्या तर फरशी पुसायला आलेली आया तो ब्रश अलगद फिरवत बाहेर काढत होती.

"कसा काढलात?" मॅडमनी विचारलं.

"ओढला नाही," जनाबाई म्हणाल्या. "अडलेलं ओढू नये मॅडम. कुठं अडलं ते पहिले बोटाले कळू द्यावं. मंग ते सोताच येते."

त्यानंतरच्या सोमवारपासून जनाबाईंच्या हातातली बादली सुटली. सात वर्षं दोघींनी जोडीनं काम केलं. मॅडमचा डोळा दुर्बिणीला आणि जनाबाईंची बोटं तारेवर. "द्या," "पुढे," "थांबा," "मागे," एवढ्या चार शब्दांत दोघींचा संसार चालायचा. मतभेद एकाच गोष्टीवर होता. "बेंबी म्हणजे काय डोक्यावरची टोपी आहे सरकायला?" असं मॅडम विचारायच्या. "तुमच्या पुस्तकात नसन," असं जनाबाई शांतपणे सांगायच्या. शेवटी मॅडमनी हॉस्पिटलच्या आवारात बेंबी बसवायला बंदी केली. तेव्हापासून वॉर्डातली मंडळी मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या निंबाखाली जाऊन बेंबी बसवून घेऊ लागली.

जनाबाईंना एकच मुलगी, पुष्पलता. सत्त्याऐंशी साली तिचं लग्न जागेश्वरशी झालं. पोरगा हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर होता, निर्व्यसनी होता, मुखदुर्बळ होता. राहायला हुडकेश्वरकडे, घरात आई बायजाबाई आणि तो. बायजाबाईंचं तोंड असं की पोराच्या वाट्याचंही बोलणं त्याच करायच्या. तरुणपणी नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं पोर वाढवलं होतं, आणि त्या पोराच्या मानात जरा उणं झालं की त्यांना ते जिव्हारी लागायचं. दोन विहिणी एका खोलीत बसल्या की पुष्पलता काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला बोलावून जेवू घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. पुष्पलता दोन दिवस आधीच माहेरी आली होती. जनाबाईंनी हॉस्पिटलातून रजा घेतली आणि अनारसे स्वतः तुपात तळले. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता.

रविवारी अकराच्या उन्हात जागेश्वर सायकलवर आला. अंगात विटका चौकड्यांचा सदरा. पहिल्या मानाला जावई असा आला म्हणून जनाबाई मनातून खट्टू झाल्या, पण जावयाला बोलायचं कसं? ओवाळलं, नवं धोतर आणि सदऱ्याचं कापड दिलं, पाटावर बसवलं. तो पहिल्या दोन घासांतच मंदावला.

"काहून जवाईबापू, एवढ्यात हात आखडला?" जनाबाई म्हणाल्या. "आमच्या घरचं गोड लागत नाही का?"

"तसं नाही मामी," जागेश्वर म्हणाला आणि जेवला. पुरणाचे धोंडे खाल्ले, वर तूप घेतलं, अनारसे खाल्ले. वाढणारीला नाही म्हणायचं त्याला घरी आईपुढे कधी जमलं नव्हतं, ते सासूपुढे कुठून जमणार? दुपारी तीनच्या सुमारास तो बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. विचारलं तर म्हणाला, जरा जास्त झालं.

जनाबाईंना नवल वाटलं नाही. एवढ्या उन्हात सायकल हाणत आलेला, त्यावर भरपेट गोड. बेंबी सरकणार नाही तर काय होईल? प्रश्न वेगळाच होता. सासूनं जावयाच्या उघड्या पोटाला हात लावायचा कसा? मोहल्ल्यातल्या शंभर पुरुषांची पोटं त्यांनी चोळली होती, पण जावई तो जावई. वामनराव म्हणाले, "दुसऱ्या कोणाले बोलाव." हे ऐकून तर जनाबाई पेटल्याच. घरात गंगा असताना शेजारी पाणी मागायला जायचं? त्यांनी त्यातून तोड काढली. वाणातलं नवं कोरं धोतर दुहेरी घडी करून जागेश्वरच्या पोटावर अंथरलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान दुसरीकडे वळवली आणि धोतरावरून बेंबी बसवली.

पोट बोटांना दगडासारखं लागलं. जागेश्वरनं दात आवळून श्वास ओढला. लाजला असेल, असं जनाबाईंना वाटलं. तासाभरानं त्यांनी परत चोळलं, सोमवारी सकाळी परत, आणि जेवणवेळेला एकदा. आणि सोमवारी दुपारी दुखणं खरंच थांबलं. जागेश्वर उठून बसला, ताक प्याला, बायकोकडे बघून हसला. पुष्पलतेनं शेजारी जाऊन सांगितलं आणि तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं. जनाबाई ओट्यावर येऊन बसल्या. लोक विचारत होते, त्या सांगत होत्या. तेवढी दुपार त्यांना फार गोड गेली.

मंगळवारी सकाळी जागेश्वरला उलट्या सुरू झाल्या. अंग तापलं, पोट फुगून टमटमीत झालं, आणि दुखणं असं की त्याच्यानं सरळ होववेना. निरोप पोचला तशा बायजाबाई रिक्षानं आल्या आणि गल्लीतूनच सुरू झाल्या. "ईनबाई, अनारसे काहाच्या तेलात तळले होते? भलं चंगं पोरगं पाठवलं मी तुमच्याकडे."

"तुपात," जनाबाई म्हणाल्या. एरवी त्यांनी याच्यावर अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी त्यांनी त्याच रिक्षात जागेश्वरला घातलं आणि मॅडमकडे नेलं.

मॅडमनी त्याला टेबलावर घेतलं, बाहेर बायजाबाईंचं बोलणं चालू होतं म्हणून दार लावलं आणि त्याची बंडी वर केली. बेंबीच्या चार बोटं वर, मधोमध, एक गोल निळा-काळा डाग होता. रुपयाच्या नाण्याएवढा, कडेला रेघ उमटलेला. जनाबाई बघतच राहिल्या. त्या जागेवरून त्यांचा हात चार वेळा फिरला होता. चारही वेळा मध्ये धोतर होतं आणि तोंड भिंतीकडे होतं.

"हे काय आहे?" मॅडमनी जागेश्वरला विचारलं.

त्यानं बंडी खाली ओढायला हात नेला. मग छताकडे बघत म्हणाला, "पडलो होतो. सायकलवरून. नळासाठी खोदून ठेवलं आहे आमच्याकडे, त्यात चाक गेलं अन् हँडल फिरून पोटात बसलं."

"कधी?"

"इतवारी. मामीकडे जेवायले निघालो तवा."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सासरी मानाले चाललेला जवाई नालीत पडला, असं कोण सांगन मॅडम?" जागेश्वर म्हणाला. पडलो तरी नाक वर, ही म्हण कुणी केली त्यानं असाच एखादा जावई पाहिलेला असणार.

मॅडमनी रक्त पाठवलं, सोनोग्राफी केली, आणि जनाबाईंना आणि पुष्पलतेला समोर बसवून सांगितलं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. अन्न पचवायचा रस तो तयार करतो आणि आतल्या एका बारीक नळीवाटे आतड्यात सोडतो. हँडलचा मार बसला की स्वादुपिंड पुढून हँडल आणि मागून कणा यांच्यामध्ये चेंगरतं. आतली नळी फुटली तर रस पोटात सांडतो आणि पोटालाच पचवायला लागतो. "आणि हे दुखणं लबाड असतं," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दुखतं, मग एखादा दिवस थांबतं, आणि परत उसळतं. याला मध्ये बरं वाटलं होतं का?"

"हो ना," पुष्पलता म्हणाली. "सोमवारी एकदम थांबलं होतं. आईनं त्याईची..." आणि तिनं जीभ चावली.

खोलीत तिघीच होत्या. जनाबाईंना गप्प बसता आलं असतं. मॅडमनी काही उकरून काढलं नसतं. पण सात वर्षं या बाईच्या शेजारी उभं राहून त्यांनी एक पाहिलं होतं, की पेशंटनं एक गोष्ट लपवली तर मॅडमना दहा गोष्टी शोधाव्या लागतात.

"मी बेंबी बसवली," त्या म्हणाल्या. "इतवारी दोनदा, सोमवारी दोनदा. धोतरावरून. चांगला जोर देऊन."

मॅडमनी हातातला सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "जनाबाई, ते तुमच्या हातानं थांबलं नव्हतं. ते थांबणारच होतं. आणि त्या थांबण्यावर विसंबून आपले दोन दिवस गेले."

"चोळल्यानं जास्त फाटलं असन का?"

"ते मला सांगता येणार नाही. भलं तर नक्कीच झालं नाही."

जनाबाईंना भीती वाटली. लाजही वाटली, पण भीती जास्त. समोर लेक बसलेली, वर्षभरापूर्वी लग्न झालेली.

मोठे सर्जन येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, पोट उघडायचं आणि स्वादुपिंडाचा फाटलेल्या जागेपलीकडचा भाग काढून टाकायचा. मॅडमनी दोन तास मागून घेतले. आतली नळी खरंच फुटली आहे का आणि कुठे, हे दुर्बिणीतून औषध सोडून एक्सरेवर बघता येईल. फुटली असेल आणि फुटलेल्या जागेच्या पलीकडे एक बारीक नळी पोचवता आली, तर सगळा रस त्या नळीवाटे बाहेर काढता येईल. मग जखम आपली आपण भरेल, आणि कापायला नको. नाही पोचली तर लगेच ऑपरेशन. शिकत असताना मुंबईला त्यांनी हे एकदा पाहिलं होतं. मार लागलेल्या पेशंटवर त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं, आणि नागपुरात कुणी केल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"तारेवर माझ्याकडे तुमच्याशिवाय कुणी नाही," त्या जनाबाईंना म्हणाल्या. "पण हा तुमचा जावई आहे. नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. सरळ ऑपरेशन करू."

जनाबाईंनी विचार केला, आणि विचार करता करता त्यांचा कणा परत ताठ झाला. "हात खोटा नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "हात मले इतवारीच सांगत होता, पोट दगड झालं म्हणून. मी ऐकलं नाही. मले बेंबीच पाहिजे होती. आज ऐकीन. मी येते."

दुपारी दीड वाजता दोघींनी शिशाचे जड एप्रन चढवले. जागेश्वरला गुंगीचं औषध देऊन पालथा निजवला होता. या कामाची दुर्बीण वेगळी, तिचा डोळा टोकाला नसतो, बाजूला असतो. मॅडमनी ती जठरातून पुढे आतड्यात नेली आणि त्या भिंतीवरचा मसुराएवढा उंचवटा शोधला. स्वादुपिंडाची नळी तिथेच उघडते. तिच्यात औषध सोडलं तशी एक्सरेच्या पडद्यावर एक बारीक रेघ उमटत गेली, आणि बरोबर कण्यावर येऊन पसरली. शेताचा धुरा फुटून धानाच्या बांधीतलं पाणी भलतीकडे पसरावं, तशी.

"फुटली आहे," मॅडम म्हणाल्या. "तार द्या."

जनाबाईंनी तार सोडली. केसापेक्षा जरा जाड, टोकाला मऊ. ती उंचवट्यातून आत शिरली, रेघेच्या वाटेनं गेली आणि पसरलेल्या डागात जाऊन वळली.

"पुढे," मॅडम म्हणाल्या.

जनाबाईंचा हात थांबला.

"पुढे, जनाबाई."

"नाही मॅडम. ही वाट नाही. इथं तार मोकळी लागून राहिली. नळीत असती त दोन्ही अंगानं घासली असती."

मॅडमनी दुर्बिणीवरचा डोळा काढून पडद्याकडे बघितलं. तार फुटलेल्या भोकातून बाहेर पडून पोटाच्या पोकळीत शिरत होती. "मागे," त्या म्हणाल्या.

तार मागे आली. परत पुढे गेली, परत तिथेच वळली. दार किलकिलं करून सर्जननी किती वेळ म्हणून विचारलं. मॅडमनी हातानंच दहा मिनिटं दाखवली. जनाबाईंनी डोळे मिटले. धागा तुटतो तेव्हा त्याचं दुसरं टोक फार लांब जात नाही, हे त्यांना नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. ते समोरच असतं, जरा खाली पडलेलं असतं, आणि खुपसाखुपसी केली की हरवतं. त्यांनी तार अंगठा आणि बोटात धरली, ढकलली नाही, नुसता पीळ दिला. अर्धा उजवीकडे, अर्धा डावीकडे. तिसऱ्यांदा ती निसटली. चौथ्यांदा पिळता पिळता टोक कुठेतरी टेकलं, आणि मग दोन्ही बाजूंनी बारीक घासत पुढे सरकलं.

"लागलं," जनाबाई म्हणाल्या, तरी डोळे उघडले नाहीत.

पडद्यावर तार डाग ओलांडून सरळ पलीकडे गेली होती, थेट स्वादुपिंडाच्या शेपटापर्यंत. मॅडमनी तारेवरून बारीक नळी चढवली. मग दुर्बीण इंच इंच मागे घेतली आणि जनाबाईंनी ती नळी जागची हलू दिली नाही. शेवटी नळीचं बाहेरचं टोक नाकातून काढून बाटलीत सोडलं. दोघी बघत उभ्या राहिल्या. काही वेळानं बाटलीत एक थेंब पडला, पाण्यासारखा निर्मळ. मग दुसरा.

"हे आता बाटलीत पडतंय," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या पोटात नाही."

जनाबाई दुर्बीण धुवायला गेल्या. नळ मोठा सोडला आणि धुता धुता भरपूर रडल्या. मग तोंडही त्याच पाण्यानं धुतलं.

चौथ्या दिवशी जागेश्वरचा ताप उतरला. पण तोंडानं काही द्यायचं नव्हतं, सलाइनवर पडून राहायचं होतं. बायजाबाई वॉर्डात पोराच्या उशाशी ठाण मांडून बसल्या. सायकलवरून पडल्याचं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती, आणि तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला अनारशांची गोष्ट सांगायचं काही सोडलं नव्हतं. पडला असेल, पण बिघडलं ते खाऊन, असं त्यांचं म्हणणं. जनाबाई ते रोज ऐकत होत्या. उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, पण द्यायला तोंड उघडलं की बेंबीची गोष्ट आठवायची आणि तोंड मिटायचं.

"तू काही सांगू नको वं आई त्याईले," पुष्पलता म्हणाली. "तू त्याईले वाचवलं, एवढंच कळू दे. मले त्या घरात राहायचं आहे." लेकीचं बोलणं खोटं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सासू एकदा सुनेच्या माहेरावर घसरली की तो विषय पुढची वीस वर्षं पुरतो, हे जनाबाईंना सांगायला नको होतं. मॅडमही कुणाला सांगणार नव्हत्या. निंबाखाली लोक येत राहिले आणि जनाबाई त्यांची पोटं बघत राहिल्या. फक्त आता कपडा वर करायला लावायच्या, आधी नीट बघायच्या, आणि मार लागला होता का ते तीनदा विचारायच्या. पोट कडक लागलं की हात न लावता आत मॅडमकडे पाठवायच्या. यामुळे त्यांचं नाव थोडं कमी झालं. त्यांनी ते होऊ दिलं.

पंधराव्या दिवशी मॅडमनी नाकातल्या नळीवाटेच औषध सोडून परत एक्सरे बघितला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, कुठे पसरली नाही. नळी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पलता जागेश्वरला चमच्यानं भाताची पेज भरवत होती, आणि दोन विहिणी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. बायजाबाईंचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका मऊ होता.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "मी घराजवळ साऱ्याईले सांगून राहिली. पोराले त्याच्या सासूनं वाचवलं. डॉक्टरीणबाई सोता म्हणाल्या, तुमचा हात नसता त पोट फाडा लागलं असतं."

शिव्या जनाबाईंनी पंधरा दिवस गिळल्या होत्या. ही स्तुती त्यांच्यानं गिळवेना.

"त्याच हातानं पहिले मारलं असतं," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. धोतर, चार वेळा चोळणं, दगडासारखं लागलेलं पोट, सोमवारचं ओट्यावरचं मिरवणं. काही वगळलं नाही. "पुष्पीचा काही दोष नाही यात. बोलायचं असन त मले बोला, तिले बोलू नका."

बायजाबाईंनी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. 

"तो पडला तवा मी दारातच होती," त्या म्हणाल्या.

जनाबाईंना आधी समजलंच नाही.

"मीच उठवला त्याले. नवा सदरा चिखलानं भरला होता, मीच जुना काढून देला. म्हणे, आई, पोटात जोरात लागलं. मी म्हटलं, होते कमी. तिथं बोलू नको, पहिला मान हाय, हसतीन लोक." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मंगळवारी गल्लीत पाय ठेवला तवाच मले समजलं होतं काय झालं ते. पण पडला असं सांगतलं असतं त मीच पाठवला असं झालं असतं. म्हणून मी अनारसे धरून बसली. अन् तुमी ऐकून घेतलं."

जनाबाईंना राग आला. चांगला, पोटापासून राग आला. रविवारी हिनं एक शब्द सांगून पाठवला असता तर हे काहीच झालं नसतं. त्या बोलायला वळल्या, आणि समोर रडणारी बाई बघून त्यांना कळलं की हिनं हा हिशेब पंधरा दिवस, रोज, पोराच्या उशाशी बसून केलेला आहे. त्यांनी हात पुढे केला आणि बायजाबाईंच्या पाठीवर ठेवला. पाठ थरथरत होती. त्यांनी हात तसाच राहू दिला.

"पोराईले सांगा लागते," मग जनाबाई म्हणाल्या. "तुमचंही अन् माहंही. तुमच्या पोरानं आईसाठी तोंड मिटलं, माह्या पोरीनं माह्यासाठी. कायले त्याईच्या गळ्यात हे?"

बायजाबाई डोळे पुसून उठल्या. जनाबाई सवयीनं पुढे निघाल्या होत्या, तर बायजाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"मले पहिले सांगू द्या," त्या म्हणाल्या. "पहिले मी चुकली."

आणि जनाबाई परात्यांनी, जन्मात पहिल्यांदाच असेल, दुसऱ्या कुणाला आपल्या पुढे जाऊ दिलं.